‘झीज भरून निघते’ : एका वाक्याचं प्रूफ

गेली २८ वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढते आहे. मुद्रितशोधन हे माझं काम. हल्ली कागद कमी आणि पडदा जास्त, तरी लाल पेन हाताशी लागतंच. त्यामुळे गेल्या वर्षी धाकट्या भावाने पाठीत आणि गुडघ्यात इंजेक्शनं देणाऱ्या एका दवाखान्याचं गुळगुळीत पत्रक माझ्यापुढे टाकलं आणि “ताई, हे वाच आणि हो म्हण” असं फर्मान सोडलं, तेव्हा हात आपोआप पेनाकडे गेला. पहिलंच वाक्य होतं, ‘मणक्यांची व सांध्यांची झीज नैसर्गिकरित्या भरून निघते.’

आधी ‘रि’ दीर्घ केली. ती खोडच आहे. मग ‘भरून निघते’पाशी अडले. कोण भरतं? कशाने? किती? किती दिवसांत? ‘निघते’ हे क्रियापद फार सोयीचं. काम झालेलं दिसतं आणि करणारा कुठे सापडत नाही. समासात प्रश्नचिन्ह टाकलं आणि पत्रक उशाशी ठेवलं. त्या प्रश्नचिन्हाच्या मागे माझं वर्ष गेलं. मधल्या काळात गुडघ्यात एक इंजेक्शन घेऊन झालं, कमरेतलं एक टाळून झालं.

माझा तपशील सांगते, म्हणजे पुढचं कुणाबद्दल चाललंय ते कळेल. वय ५४. उजव्या गुडघ्याची झीज एक्स-रेवर चारपैकी दुसऱ्या पायरीवर. कमरेत एल४-एल५ ही गादी, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती, एमआरआयमध्ये काळी. निरोगी गादीत पाणी भरपूर असतं, ती त्या चित्रात पांढरीशुभ्र दिसते. माझी इतर गाद्यांच्या रांगेत विझलेल्या दिव्यासारखी होती. रिपोर्टमध्ये ‘डेसिकेशन’ लिहिलं होतं, म्हणजे सुकणं. रिपोर्ट पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, “गॅप आलीय म्हणजे.”

हा ‘गॅप’ शब्द मला फार छळतो. आपल्याकडे ज्याला त्याला मणक्यात गॅप येते. प्रत्यक्षात होतं उलटं. गादी सुकते, बसते, आणि दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं. गॅप येत नाही, असलेली जाते. पण शब्द रुळला आणि त्याच्यामागून कल्पनाही रुळली, की फट पडली आहे तर काहीतरी भरता येईल. भिंतीला लांबी भरतात तसं. पत्रकातलं ‘भरून निघते’ नेमकं या समजुतीच्या पाठीवर स्वार होऊन येतं.

गादीबद्दल मी वाचायला लागले तेव्हा पहिला धक्का बसला तो तिच्या उपासमारीचा. आपल्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट कडी, आत जेलीसारखा गर. प्रौढ माणसाच्या या गराला रक्तवाहिनीच नसते. वरच्या-खालच्या मणक्याच्या पातळ कुर्चेतून (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत, लवचिक आवरणातून) जे काही झिरपेल त्यावर आतल्या पेशी जगतात, आणि मधल्या पेशींपासून जवळची रक्तवाहिनी सात-आठ मिलिमीटर दूर असू शकते. पेशींच्या मापाने हा मोठाच प्रवास झाला. त्यातून वय वाढलं की ही झिरपण्याची वाटही कठीण होत जाते. प्राणवायू कमी, साखर कमी, आम्ल जास्त. असल्या ठिकाणी मुळात पेशीच थोड्या, आणि त्याही अर्धपोटी.

रात्री मात्र गादी पाणी पिते. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ गादीत (माझीच ती!) दाब मोजायचा बारीक सेन्सर बसवून त्याला दिवसभर उठवलं, बसवलं, वाकवलं, झोपवलं. झोपल्यावर सुरुवातीला दाब ०.१ मेगापास्कल होता. सात तासांच्या झोपेत तो ०.२४ झाला, कारण गादीने पाणी ओढून घेतलं. पाठ गोल करून २० किलो वजन उचललं तेव्हा तोच आकडा २.३ वर गेला. एकाच माणसावरचा प्रयोग, पण मला तो विसरता येत नाही. सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते याच पाण्यामुळे. माझ्या कपाटावरच्या कोशाला सकाळी हात पोचतो आणि संध्याकाळी टाचा उचलाव्या लागतात, याला मी आळस समजत होते.

दुसरा धक्का गुडघ्याचा. सांध्यातल्या कुर्चेचं जाळं कोलॅजन या चिवट प्रथिनाचं असतं. ते किती जुनं असतं हे शोधायला शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांचा उपयोग केला. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात जे अणुस्फोट झाले त्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट केला आणि नंतर तो हळूहळू उतरत गेला. शरीरातली एखादी गोष्ट केव्हा घडली याचा शिक्का त्यामुळे तिच्यातच उमटतो. २०१६ साली असे शिक्के वाचून निघालेला निष्कर्ष असा, की कुर्चेतलं कोलॅजन वाढीच्या वयात एकदा विणलं जातं, आणि मग प्रौढपणी त्याची अदलाबदल जवळपास होतच नाही. संधिवात झालेल्या गुडघ्यातही नाही. जाळ्याच्या मधलं पाणी धरून ठेवणारं द्रव्य बदलत राहतं, जाळं तेच. म्हणजे माझ्या गुडघ्यातलं जाळं मी शाळेत दोरीवरच्या उड्या मारत असताना विणलेलं आहे. पहिली आणि शेवटची आवृत्ती. पुनर्मुद्रण नाही.

हे कळल्यावर ‘नैसर्गिकरीत्या’ या शब्दाखालीही एक रेघ आली.

तरीही मी गुडघ्यात पीआरपी घेतलं, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स जास्त असलेल्या द्रवाचं इंजेक्शन. का, ते प्रामाणिकपणे सांगते. जिना उतरताना गुडघा दुखायचा, गोळ्यांनी पोट बिघडायचं, आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन नको होतं. ते काही आठवडे आराम देतं हे खरं, पण २०१७ साली आलेल्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते घेणाऱ्यांची कुर्चा खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा जास्त झिजली होती, आणि दुखण्यात फरक नव्हता. पीआरपीत आपलंच रक्त असतं, त्यामुळे धोका कमी, असा मी हिशेब केला. शिवाय डॉक्टर सरळ बोलणारे होते. “झीज भरेल असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “दुखणं काही महिने कमी होऊ शकतं. नाहीही होणार.” या दोन वाक्यांत दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं.

आधी आठवडाभर सूज उतरवणाऱ्या गोळ्या बंद, कारण त्या प्लेटलेट्सच्या कामात आडव्या येतात. त्या दिवशी सिस्टरने कोपराच्या खळगीतून मोठ्या सिरिंजभर रक्त काढलं. सिरिंजमध्ये आधीच थोडं सायट्रेट होतं, गुठळी होऊ नये म्हणून. रक्त नळीत ओतून तिने ती छोट्या काट्यावर ठेवली, आणि दुसऱ्या नळीत थेंब थेंब पाणी घालत दोन्ही वजनं सारखी केली. फिरणाऱ्या यंत्रात समोरासमोर बसवायला. “वजन सारखं नसेल तर मशीन थडथडतं,” ती म्हणाली. मला तो सगळा प्रकार भारी आवडला. यंत्र थांबल्यावर नळीत तीन थर होते. खाली गडद लाल, वर जुन्या कागदासारखा पिवळट द्रव, आणि दोघांच्या मधे पुसट पांढरी रेघ, नखाच्या कडेएवढी. सगळा कारभार त्या रेघेच्या आसपासचा. प्लेटलेट्स तिथे गोळा होतात.

“यात किती प्लेटलेट्स आहेत?” मी विचारलं.

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “नेहमीपेक्षा जास्त असणार. मोजत नाही आम्ही.”

पुढे वाचताना कळलं की हे फक्त आमच्या डॉक्टरांचं नाही. हाडं-सांध्यांसाठी पीआरपी वापरणाऱ्या १०५ अभ्यासांची २०१७ साली छाननी झाली. पीआरपी कसं तयार केलं हे दुसऱ्याला तसंच करून पाहता येईल इतकं नीट फक्त ११ अभ्यासांत लिहिलं होतं. कुणी एकदा फिरवतं, कुणी दोनदा. कुणी पांढऱ्या पेशी ठेवतं, कुणी काढून टाकतं. नाव एक, पाठभेद शंभर. संपादनाच्या धंद्यात अशा पोथीला आम्ही हात लावत नाही.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यांनी गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाहेरच्या कडेने सुई घातली. पडद्यावर काळ्या फटीत एक पांढरी तिरकी रेघ शिरली, मग ती फट किंचित फुगली. सुई बोचली त्यापेक्षा ते फुगणं जास्त जाणवलं, आतून कुणीतरी गुडघा उघडू पाहतंय असं. पुढचे तीन दिवस पाय वाकेना. सूज उतरवणारी गोळी घ्यायची नाही, म्हणून बर्फ आणि शिव्या.

मी दुखण्याची नोंद ठेवली होती, ० ते १०, वहीच्या समासात. इंजेक्शनआधी ६. सहाव्या आठवड्यात ३. जिना एका दमात उतरले त्या दिवशी आकड्याला चौकट आहे. आठव्या महिन्यात पुन्हा ४.

धाकट्याला अर्थातच आनंद झाला. “बघ! भरली की नाही झीज?”

इथेच माझं त्याच्याशी भांडण आहे. दुखणं ६ वरून ३ वर आलं, हे एक वाक्य. झीज भरली, हे दुसरं. पहिल्याच्या जागी दुसरं छापून चालत नाही. कुर्चेला मज्जातंतूच नसतात, ती दुखू शकत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे स्नायुबंध. अस्तराची सूज उतरली तर कुर्चा आहे तितकीच राहूनही मला बरं वाटेल. त्यातून इंजेक्शननंतर तिसऱ्या आठवड्यात मी फिजिओथेरपी सुरू केली होती आणि त्या आठ महिन्यांत चार किलो उतरले होते. गुडघ्यावर पावलागणिक येणारा भार वजनाच्या चौपटीने घटतो, म्हणजे दर पावलाला सोळा किलोंची सूट. मग माझ्या ‘३’ चा कर्ता कोण? पिवळा द्रव, व्यायाम, चार किलो, की नुसती आशा?

मी एकटी हे सोडवू शकत नाही. त्यासाठीच चाचण्या लागतात. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत पन्नाशीपुढच्या २८८ जणांना घेतलं होतं, सौम्य ते मध्यम झीज असलेले, म्हणजे अगदी माझ्या इयत्तेतले. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं, निम्म्यांना खारं पाणी. कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. वर्षभराने पीआरपीवाल्यांचं दुखणं ११ पायऱ्यांच्या मापावर सरासरी २.१ ने उतरलं. खाऱ्या पाण्यावाल्यांचं १.८ ने. हा फरक मोजण्यासारखा नाही. एमआरआयवर कुर्चेचं आकारमान दोन्ही गटांत थोडं घटलंच, १.४ टक्के आणि १.२ टक्के. त्या चाचणीतल्या पीआरपीत प्लेटलेट्स पुरेशा नव्हत्या असा आक्षेप पीआरपीचे समर्थक घेतात, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण मोजत नाही म्हणणाऱ्यांनी तो घेऊ नये असं मला वाटतं.

खाऱ्या पाण्याने १.८ ने उतरलेलं दुखणं खोटं नव्हतं, हेही मला सांगायचं आहे. त्या माणसांनाही जिना सोपा गेला असेल. माझी चौकट कदाचित त्याच जातीची असेल. ती मी खोडलेली नाही.

आता पत्रकाचा मुख्य माल. स्टेम सेल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी. पान दोनवर नाळेतल्या पेशी, चरबीतल्या पेशी, अस्थिमज्जेतल्या पेशी अशी तीन चित्रं होती, आणि प्रत्येकीखाली एक हसरं जोडपं. “या पेशी गादीत सोडल्या की त्या गादीच्याच पेशी होतात,” धाकट्याने समजावलं. त्याने व्हिडिओ पाहिला होता.

या पेशींची गोष्ट शब्दांची काळजी घेणाऱ्या माणसाला आवडेल अशी आहे. ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव ज्यांनी १९९१ साली रूढ केलं, त्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली लेख लिहून सांगितलं की हे नाव बदला. त्यांचं म्हणणं असं, की शरीरात सोडल्यावर या पेशी नवी कुर्चा वगैरे बनत नाहीत. त्या आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप धाडतात, सूज आवरतात. ‘स्टेम सेल’ म्हटल्यावर लोक भलतीच अपेक्षा धरतात. त्यांनी आद्याक्षरं तीच राहतील असं दुसरं नावही सुचवलं, ज्याचा अर्थ साधारण ‘औषधी निरोप देणाऱ्या पेशी’. लेखकाने स्वतः शुद्धिपत्र काढलं, पण जाहिरातवाले अजून पहिलीच आवृत्ती विकताहेत.

गुडघ्यात या तिन्ही प्रकारच्या पेशी घालून बघितलेल्या आहेत. अमेरिकेत ४७५ जणांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ साली आले. एका गटाला अस्थिमज्जा, एकाला चरबी, एकाला नाळ, आणि तुलनेला साधं स्टेरॉइड. वर्षाच्या शेवटी पेशींचा एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही, आणि एमआरआयवर कुठल्याच गटाच्या सांध्यात लक्षात घेण्यासारखा बदल नव्हता.

“पण तो गुडघा. तुझी गादी वेगळी,” धाकटा म्हणाला. मुद्दा बरोबर होता, म्हणून मी मणक्याच्या एका सर्जनकडे गेले. पत्रकवाल्यांकडे नाही. पत्रकवाल्यांना फोन केला होता, तर तिकडच्या मुलीने माझा एमआरआय न बघताच तारीख दिली.

सर्जनबाईंनी माझा काळा दिवा बराच वेळ पाहिला. मग त्यांनी विचारलं, “बाकीच्या माहितीशिवाय हा फोटो मला दाखवला असता, तर तुमचं दुखतं की नाही हे मला सांगता आलं नसतं, हे माहितेय?” नव्हतं माहीत. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा एक एकत्रित आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. न दुखणाऱ्यांच्या! माझ्या वयाच्या पाचांपैकी चार जणांकडे हा विझलेला दिवा आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

“आणि गादीत सुई घालायची म्हणजे गादीला भोक पाडायचं,” त्या म्हणाल्या. याचा एक अभ्यास त्यांनीच सांगितला, मी नंतर शोधून वाचला. पूर्वी दुखणारी गादी ओळखण्यासाठी गादीत रंगद्रव्य टोचत. ज्यांच्या चांगल्या गाद्यांमध्ये अशी बारीक सुई गेली होती त्यांचे दहा वर्षांनी पुन्हा एमआरआय काढले. ज्यांना सुई लागली नव्हती त्यांच्या मानाने या गाद्या जास्त सुकल्या होत्या, जास्त सरकल्या होत्या, आणि त्यातही सुई ज्या बाजूने गेली त्या बाजूला जास्त. हे २००९ सालचं. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, त्यामुळे जंतू शिरले तर प्रतिजैविकंही तिथे नीट पोचत नाहीत, हे वेगळंच.

मी म्हटलं, आतल्या पेशी भुकेल्या आहेत म्हणून नव्या सोडायच्या, तर नव्यांना खायला कोण घालणार? ज्या घरात असलेल्यांनाच पुरत नाही तिथे वऱ्हाड उतरवण्यातला प्रकार. बाई हसल्या. “हाच प्रश्न आहे,” म्हणाल्या, “पण म्हणून दार बंद नाही.” गादीत दात्याच्या पेशी टोचण्याची ४०४ रुग्णांवरची मोठी चाचणी झाली. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट तिला गाठता आलं नाही. दुखणं फार जुनं नसलेल्या काहींमध्ये आराम दिसला, म्हणून दुसरी मोठी चाचणी हाती घेतली गेली. “रीतसर चाचणीत जायचं असेल तर मी आडवी येणार नाही. तिथे तुम्हाला कुणी बिल लावत नाही, आणि वाईट काही झालं तर त्याची नोंद होते. पत्रकात जाऊ नका.”

नोंद होते, हे मला महत्त्वाचं वाटलं. वाईट घडतच नाही असं नाही. नाळेच्या रक्तापासून केलेली उत्पादनं सांध्यांत आणि मणक्यांत टोचून घेतल्यावर अमेरिकेत १२ जणांना जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाल्याचं २०१८ साली नोंदलं गेलं. देशोदेशी फिरून कण्याच्या पाण्यात पेशी सोडून घेतलेल्या एका माणसाच्या मज्जारज्जूवर परक्या पेशींची गाठ वाढली, हे २०१६ सालचं.

मग खरंच काहीच भरत नाही का? भरतं, आणि हे शोधताना मला सर्वांत मजा आली.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तीव्र झीज झालेल्या २० जणांच्या गुडघ्याला बाहेरून हाडांत पिना घालून चौकट बसवली, आणि सांध्याची दोन टोकं एकमेकांपासून ५ मिलिमीटर दूर खेचून ठेवली. दोन महिने. चौकटीसकट चालायचं. आत काहीही टोचलं नाही, पेशी नाही, रक्त नाही. वर्षाने मोजलं तर कुर्चेची सरासरी जाडी २.४ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटर झाली होती, आणि उघडं पडलेलं हाड २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं होतं. दुखणंही उतरलं. घासणं थांबवल्यावर आणि पाणी खेळतं राहिल्यावर सांध्याने आपलं आपण काहीतरी केलं. पिनांच्या भोकांत संसर्ग वारंवार होतो, आणि दोन महिने ते लोखंड अंगावर बाळगणं चेष्टा नाही. म्हणून कुठल्या पत्रकावर हसरं जोडपं ही चौकट लावून बसलेलं दिसत नाही.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. स्प्रिफर्मिन नावाचं, पेशींना वाढायला लावणारं औषध ५४९ जणांच्या गुडघ्यात टोचून पाहिलं, निकाल २०१९ साली आले. जास्तीत जास्त मात्रा घेणाऱ्यांची कुर्चा दोन वर्षांत, नुसतं पाणी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ०.०५ मिलिमीटर जाड झाली. कागदाच्या अर्ध्या जाडीएवढी, पण झाली. आणि दुखण्यात? काही फरक नाही. भरली तरी दुखणं तेच.

हे मी धाकट्याला वाचून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

(प्रयोगशाळेत स्वतःच्याच कुर्चेच्या पेशी वाढवून परत बसवण्याची शस्त्रक्रिया १९९४ पासून माहीत आहे, आणि ती मान्यताप्राप्तही आहे. पण ती खेळताना वगैरे पडलेल्या एखाद्या ठरावीक खड्ड्यासाठी. सगळा रस्ताच उखडलेल्या माझ्यासारख्यांसाठी नाही. याबद्दल कुणी विचारू नये म्हणून आधीच लिहून टाकलं.)

गादीच्या बाबतीत मात्र मला इंजेक्शनपेक्षा एक साधी गोष्ट पटली. ऑस्ट्रेलियातच ७९ जणांच्या गाद्या तपासल्या होत्या, काही नियमित पळणारे, काही बैठे. पळणाऱ्यांच्या गाद्यांत पाणी जास्त होतं आणि त्या भरदार होत्या. याने कारण सिद्ध होत नाही. चांगल्या गाद्यांची माणसंच पळत असतील. पण गादीचा स्वभाव पाहिला तर जुळतं. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, तेव्हा तिच्यात पाणी खेळतं. मी मात्र नऊ-नऊ तास तिला एकाच कोनात चिरडून बसत होते. जगातला कुठला पिवळा द्रव याच्यापुढे टिकणार?

मी पळत नाही. फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हणाली, “काकू, भरभर चाला, तेवढं बास.” ती मला मांडीचे आणि पाठीचे व्यायाम करायला लावते आणि माझ्या तक्रारी अजिबात ऐकून घेत नाही. दर २५ मिनिटांनी गजर वाजतो, मी उठते, प्रूफ हातात घेऊन उभ्याने वाचते. उभ्याने वाचताना जास्त चुका सापडतात असं माझं मत झालं आहे, त्याला आधार काही नाही. पीआरपीचं दुसरं इंजेक्शन घ्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. घेतलं तर आधी मोजायला लावीन.

महिन्यापूर्वी धाकटा आला, खुर्चीत बसताना एक ढुंगण उचलून बसला. तेव्हा उलगडा झाला. दुखणं त्याचंही होतं, जुनंच. सहा आठवड्यांपासून तर कमरेतून कळ निघून पोटरीपर्यंत जात होती, एमआरआयही काढून झाला होता, आणि मी आधी जाऊन आले की मग आपण, असा त्याचा बेत होता. रिपोर्ट माझ्या हातात दिला. गादीचा गर कडं फोडून बाहेर आलेला, नस दाबलेली.

आधी विचारायचं ते विचारलं. लघवीला अडतंय का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, पाऊल लुळं पडतंय का. यातलं काही असतं तर बोलत न बसता त्याला थेट रुग्णालयात नेलं असतं. नव्हतं. मग त्याला मी सर्जनबाईंकडे घेऊन गेले. तिथे एक उलटी गोष्ट कळली. नुसती फुगलेली गादी आपणहून मागे सरकायचं प्रमाण जेमतेम १३ टक्के. पण गर फुटून बाहेर आला असेल तर ७० टक्के, आणि तुकडा सुटाच पडला असेल तर ९६ टक्के रुग्णांत तो आपोआप विरतो किंवा आक्रसतो. कारण बाहेर आलेला गर रक्ताच्या हद्दीत येतो, आणि शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला परका समजून खाऊन टाकतात. आतल्या बिचाऱ्या गराला जे रक्त जन्मभर मिळालं नाही ते बाहेर पडल्यावर मिळतं, तेही हे असं.

“म्हणजे थांबायचं?” त्याने विचारलं.

“हिंडत-फिरत थांबायचं,” बाई म्हणाल्या. “सहा आठवड्यांनी या. पायातली ताकद कमी झाली तर उद्याच या.”

परवा फोन होता, कळ आता गुडघ्याच्या वरच थांबते म्हणाला. ते पत्रक परत हवंय, त्याच्या एका मित्राला दाखवायचं आहे. मी दिलं. ‘नैसर्गिकरीत्या’ शुद्ध करून, आणि पुढचं वाक्य लाल पेनाने खोडून. वर जागा पुरेना म्हणून नवं वाक्य पाठीमागे लिहिलं आहे: ‘काही रुग्णांना काही महिने आराम पडतो, तसा तो खाऱ्या पाण्यानेही पडल्याचं दिसलं आहे, या इंजेक्शनांनी झीज भरल्याचं मोठ्या चाचण्यांत आढळलेलं नाही.’

“ताई, हे कोण छापेल?” धाकट्याने विचारलं.

मी त्याला सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीची तारीख लिहून घ्यायला सांगितली.